स्टुडिओतील हशा : एक प्रत्यक्ष अभ्यास

आपल्या वर्तमानपत्रांतून व्याख्यानांचे वृत्तान्त छापताना मधूनच कंसात 'हशा' किंवा 'हशा व टाळ्या' असे शब्द घालण्याची एक जुनी पद्धत आहे. लहानपणी आमचे आजोबा घरात वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत, तेव्हा कंसातला हशाही वाचीत. तो शब्द ते इतक्या गंभीर आवाजात उच्चारीत, की आम्हा मुलांना वक्त्याच्या विनोदापेक्षा त्याचेच हसू येई. वक्ता काय म्हणाला हे पुष्कळदा आम्हांस कळत नसे. पण तेथे लोक हसले होते, अर्थी ते हसण्यासारखे होते, एवढे मात्र कळे.

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत पात्राच्या वाक्यामागोमाग जो हशा ऐकू येतो, तो म्हणजे या कंसाचाच ध्वनिरूप अवतार. हा हशा खरा असतो की खोटा, असा प्रश्न विद्यार्थी मला अनेकदा विचारतात. मी भौतिकशास्त्र शिकवतो, विनोद हा माझा विषय नव्हे. पण ध्वनी हा माझा विषय आहे आणि हशा हा शेवटी ध्वनीच. सुदैवाने अशा एका मालिकेच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून बसण्याची संधी मला मिळाली. तेथे जे पाहिले, नंतर जे वाचले आणि त्या रात्री माझे मला जे कळले, ते येथे क्रमाने मांडतो.

रांग, बाके आणि तवा तापविणारा गृहस्थ

२०१६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे पुतणीकडे गेलो होतो. तिने एका मालिकेच्या चित्रीकरणाचे दोन प्रवेश मिळवून ठेवले होते. मालिकेचे नाव मुद्दामच सांगत नाही. त्याचे कारण पुढे येईल. या प्रवेशाला पैसे पडत नाहीत. वेळ मात्र पडतो. लॉस एंजेलिसला लागूनच बरबँक हे गाव आहे आणि तेथे मोठमोठे स्टुडिओ आहेत. बाहेरून पाहिल्यास स्टुडिओची इमारत म्हणजे आपल्या मार्केट यार्डातील गोदामच : उंच भिंती, खिडकी एकही नाही. दोन तास रांगेत उभे राहून, मोबाइल फोन दारात जमा करून आम्ही आत गेलो.

आत पायऱ्यापायऱ्यांची बाके होती. सुमारे दोनशे माणसे बसली असतील. समोर तीन भिंतींच्या खोल्या एकीशेजारी एक मांडलेल्या : बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एक उपाहारगृह. चौथी भिंत नाही. त्या जागी आम्ही. पण आम्ही आणि त्या खोल्या यांच्यामध्ये चाकांवरचे चार कॅमेरे आणि त्यांची माणसे. त्यामुळे नाटकाला बसल्याचा भास झाला, तरी नट नीट दिसत नाहीत. डोक्यावर टांगलेल्या पडद्यांवरच त्यांचे चेहरे पाहावे लागतात. त्या पडद्यांच्या आसपास आणखी एक वस्तू टांगलेली होती, ती माझ्या चटकन नजरेत भरली. मायक्रोफोन. ते नटांकडे वळलेले नव्हते. आमच्याकडे वळलेले होते.

चित्रीकरणापूर्वी एक हजरजबाबी गृहस्थ बाकांसमोर येऊन उभे राहिले. या कामाला तेथे 'वॉर्म-अप' म्हणतात, म्हणजे प्रेक्षकांना तापवून ठेवणे. तवा तापल्याखेरीज भाकरी टाकीत नाहीत, त्यातलाच प्रकार. कोण कोठून आले हे त्यांनी विचारले, नवपरिणीत जोडप्याची थट्टा केली, दोघांना नाचावयास लावले, चॉकलेटे वाटली. मग त्यांनी कामाची गोष्ट सांगितली. प्रवेश पुन्हा घेतला तर तोच विनोद पुन्हा ऐकावा लागेल. त्या वेळी पहिल्यांदाच ऐकतो आहोत असे समजून हसा. खोटे हसू नका, पण मनातल्या मनातही हसू नका, कारण मनातले हसू मायक्रोफोनला ऐकू येत नाही.

बावीस मिनिटांच्या एका भागाला त्या रात्री चार तासांहून अधिक वेळ लागला. प्रत्येक प्रवेश दोनदा, काही तीनदा घेतले. दोन चित्रणांच्या मध्ये लेखकमंडळी कॅमेऱ्यांमागे घोळका करून उभी राहत. ज्या वाक्याला हशा कमी पडला ते वाक्य तेथल्या तेथे बदलत, नटाला नवे वाक्य सांगत आणि प्रवेश पुन्हा सुरू होई. नवीन वाक्याला खसखस पिकली की ती मंडळी एकमेकांकडे पाहून माना डोलवीत. म्हणजे आम्ही दोनशे जण तेथे केवळ प्रेक्षक नव्हतो, मापनाचे उपकरण होतो. विनोदाला किती अंश ताप आहे हे आमच्यावरून पाहिले जात होते. फक्त एकच शंका माझ्यातल्या शिक्षकाला सतावीत होती. ज्या तापमापकाने ताप मोजावयाचा, तो तापमापकच आधी ऊन करून ठेवलेला होता!

हशाची चढण आणि उतरण

नटांचे कसब मला जवळून पाहावयास मिळाले. प्रत्येक हशाला चढण, माथा आणि उतरण असते. अनुभवी नट पुढील वाक्य माथ्यावर कधीच टाकीत नाही, कारण ते हशात बुडून जाते. हशा पुरता विरेपर्यंतही तो थांबत नाही, कारण मग प्रयोग थंड पडतो. उतरण निम्म्यावर आली की तो बोलू लागतो. तोवर तो स्वस्थ उभा नसतो. पेला उचलतो, टोपी झटकतो, समोरच्याकडे रोखून पाहतो. आपल्या रंगभूमीवरील विनोदी नटांनाही हे उत्तम अवगत आहे. मौज अशी, की असा भाग हशा पुसून पाहिला तर पात्रे प्रत्येक वाक्यानंतर उगाच थबकताना दिसतात आणि सारे विचित्र वाटते. विनोद बिघडला असा त्याचा अर्थ नव्हे. हशा हे त्या संवादातले एक पात्रच असते आणि त्याची वाक्ये आपण खोडलेली असतात.

तांत्रिक बाजू अशी : नटांचे आवाज आणि प्रेक्षकांचा हशा वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित होतात. संकलनात पहिल्या चित्रणाचा अर्धा प्रवेश आणि दुसऱ्याचा अर्धा असा सांधा जोडला, तर तेथे हशाही मध्येच तुटतो. तो तुटलेपणा झाकण्यासाठी त्याच रात्रीच्या दुसऱ्या हशाचा तुकडा तेथे बसवितात. फार लांबलेला हशा आखूड करतात, दुबळ्याला थोडा हात देतात. या क्रियेला 'स्वीटनिंग', म्हणजे गोड करणे, असे नाव आहे. तात्पर्य, पडद्यावर ऐकू येणारा 'खरा' हशाही काटून, छाटून, जोडून आलेला असतो. तो खोटा नसतो. परंतु आंब्याचा रस जसा खरा असूनही त्यात साखर असते, तशातला तो असतो.

पेटीतला हशा

पाश्चात्त्यांना ही हिकमत नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत पैसे देऊन बसविलेले प्रेक्षक असत. त्यांतील काही टाळ्या वाजविण्यासाठी, काही रडण्यासाठी, तर काही खास हसण्यासाठी नेमलेले. 'वन्स मोअर'चा पुकारा करणारेही त्यांत असत. विसाव्या शतकात माणसांची जागा फितीने घेतली. अमेरिकेतील गायक बिंग क्रॉस्बी १९४७ पासून आपला रेडिओ कार्यक्रम चुंबकीय फितीवर मुद्रित करून प्रसारित करू लागला. त्याचा ध्वनितंत्रज्ञ जॅक मलिन याने पुढे सांगितलेली हकीकत अशी : बॉब बर्न्स नावाच्या विनोदी नटाने एकदा काही चावट किस्से सांगितले. ते प्रसारित करण्याजोगे नव्हते, पण त्यांना मिळालेला हशा जबरदस्त होता. किस्से कापून टाकले, हशा जपून ठेवला, आणि पुढे एका फिक्या कार्यक्रमाला तो लावून दिला. हशा आणि त्याचे कारण यांची फारकत झाली ती अशी.

दूरचित्रवाणीवर मुद्रित हशा प्रथम आला तो १९५० मध्ये 'द हँक मक्यून शो' या मालिकेत. त्याच्या पुढच्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झालेल्या 'आय लव्ह लूसी' या मालिकेने दुसरी वाट धरली. लूसिल बॉल आणि तिचा पती डेझी आर्नाझ यांनी प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी, चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फितीवर चित्रण करण्याची पद्धत रूढ केली. छायाचित्रणाला होता कार्ल फ्रॉइंड, 'मेट्रोपोलिस' या विख्यात मूकपटाच्या छायाचित्रकारांपैकी एक. मी बरबँकला पाहिलेली मांडणी मुळात त्यांचीच.

पण प्रेक्षक दरवेळी वेळेवर हसतीलच असे नाही. या अडचणीवर चार्ल्स डग्लस या सीबीएस कंपनीतील ध्वनितंत्रज्ञाने तोड काढली. त्याने एक पेटी तयार केली. तिच्यात हशाच्या अनेक फिती गोल फिरत असत आणि बाहेर टंकलेखन यंत्रासारख्या कळा. एक कळ दाबली की खुसखुस, दुसरी दाबली की सातमजली हास्य, तिसरीला एखाद्या बाईचे किंचित उशिरा आलेले हसू. पायाखालच्या पट्टीने हशा लांबविता वा आवरता येई. आपला पेटीवादक गायकाच्या मागे सूर धरतो, तसा डग्लस चित्रपटाच्या मागे हशा धरीत असे. पेटीला कुलूप असे आणि आतील रचना तो सहसा कोणाला पाहू देत नसे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बहुतेक विनोदी मालिकांतला हशा याच एका माणसाच्या बोटांतून येत होता. तो २००३ मध्ये वारला.

याला विरोधही झाला. १९७२ मध्ये सुरू झालेली 'मॅश' ही मालिका कोरियन युद्धातील लष्करी इस्पितळावर होती. तिचा लेखक लॅरी गेलबार्ट याला हशा मुळीच नको होता. कंपनीला तो हवाच होता. अखेर तडजोड झाली : शस्त्रक्रियागृहातील प्रसंगांत हशा घालावयाचा नाही. इंग्लंडात बीबीसीने हीच मालिका हशाशिवाय दाखविली. तीच कथा, तेच संवाद. एका देशात हसतखेळत पाहिले गेले, दुसऱ्यात काहीशा खिन्न शांततेत. उलट १९७१ च्या 'ऑल इन द फॅमिली'ने प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर मुद्रण होत असल्याचे अभिमानाने जाहीर केले. पुढे २००५ च्या 'द ऑफिस'सारख्या मालिकांनी हशा पूर्णपणे वगळला आणि त्याही लोकप्रिय झाल्या. म्हणजे हशावाचून विनोद अडत नाही. फक्त तो निराळ्या रीतीने लिहावा लागतो.

एकटा माणूस कमी का हसतो?

आता मूळ प्रश्न. दुसऱ्यांचे हसणे ऐकून आपण का हसतो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी बाजारात, रस्त्यावर, महाविद्यालयांच्या आवारात लोकांचे हसणे टिपून ठेवले. त्यांचे दोन निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक, माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट सोबत असताना हसतो. दुसरा, बोलण्यात येणारे बहुतेक हसू विनोदावर येतच नाही. 'बरं, येतो मग' असल्या साध्या वाक्यांवर येते. म्हणजे हसणे ही प्रामुख्याने विनोदाची पावती नसून सोबतीची खूण आहे. 'मी तुमच्यातला' असे आपण हसून सांगत असतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सोफी स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुद्दाम फुसके विनोद निवडून त्यांच्यामागे कधी ठरवून केलेले हसू जोडले, कधी उत्स्फूर्त हसू, आणि ऐकणाऱ्यांना गुण द्यावयास सांगितले. हसू जोडताच विनोदाचे गुण वाढले. उत्स्फूर्त हशाने अधिक वाढले. येथे कान फसतो असे म्हणता येत नाही, कारण खऱ्या-खोट्या हशातील भेद कानाला कळतो आहे. तरीही दोहोंचा परिणाम होतो. हल्ली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'सारख्या कार्यक्रमांत परीक्षक हसताना वरचेवर दाखवितात, त्यामागेही हेच सूत्र आहे. ते हसू खरे असेलही. पण आपल्याला ते दाखविले जाते ते आपण एकटे नाही हे सांगण्यासाठी.

तो एक विनोद

आता मालिकेचे नाव का दडविले ते सांगतो. त्या रात्री तिसऱ्या प्रवेशात एक पात्र दूरध्वनीवर बोलत होते. पलीकडे मदत केंद्रातला कोणी भारतीय माणूस आहे अशी कल्पना. पात्राने फोन ठेवला आणि त्या अदृश्य माणसाच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल केली. बाके हशाने हादरली. मीही हसलो. मोठ्याने हसलो. दोन तास आम्ही सारे मिळून हसत होतो, त्याच लाटेवर तेही हसू निघून गेले.

हसता हसता मी पुतणीकडे पाहिले. ती हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. ती नुसती समोर पाहत होती. बसमध्ये शेजारच्याचे भांडण चालू असताना आपण खिडकीबाहेर पाहतो तसे. विनोदाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला तो तिच्या चेहऱ्यावरून, आणि हसून झाल्यावर. ज्या उच्चारांची नक्कल झाली ते माझे उच्चार होते. याच उच्चारांत मी तीस वर्षे वर्गावर इंग्रजीतून शिकवीत आलो आहे.

प्रवेश पुन्हा घेतला गेला. तोच फोन, तीच नक्कल. या खेपेस मी हसलो नाही. पण हशा पहिल्याइतकाच मोठा झाला. दोनशेतून एक वजा झाल्याने मायक्रोफोनला काही फरक पडत नाही. काही महिन्यांनी तो भाग मी येथे घरी संगणकावर पाहिला. नक्कल होती, हशाही होता. पहिल्या चित्रणाचा की दुसऱ्याचा, हे मी कान देऊन पुन्हा पुन्हा ऐकले. त्या हशात मी आहे की नाही, हे मला अखेरपर्यंत कळले नाही.

वर्गातला हशा

त्या रात्री झोप लागेना. आठवत राहिला तो आमच्याच महाविद्यालयातील एक तास, पुष्कळ वर्षांपूर्वीचा. बैलहोंगलकडील एका खेड्यातून, कन्नड माध्यमातून शिकून आलेला एक मुलगा पहिल्या वर्षाला होता. प्रकाशशास्त्र चालू होते. बहिर्गोल भिंगाच्या नाभीअंतराच्या आत वस्तू ठेवली तर प्रतिमा कशी मिळेल, असे मी विचारले. तो मुलगा उठला आणि इंग्रजीत उत्तर देऊ लागला. 'लेन्स' ऐवजी तो 'लेन्सु' म्हणाला. कन्नड जिभेला शब्दाच्या अखेरीस स्वर लागतो, त्यात वावगे काहीच नाही. मागच्या बाकावरून कोणी तरी 'लेन्सु' असे हळूच म्हणाले आणि वर्गात खसखस पिकली. हसणाऱ्यांत मराठी मुले होती, कन्नड मुलेही होती. माध्यम कोणते का असेना, शहरातली होती एवढेच. मी रागावलो नाही. माझ्याही ओठांवर हसू आले. वर्गाने ते पाहिले आणि हशा दुप्पट झाला.

त्या वेळी मला हे नुसते हसण्यावारी नेण्यासारखे वाटले होते. आज कळते, की त्या तासाला बाकांसमोरचा तवा तापविणारा गृहस्थ मीच होतो. येथे हसावयाचे आहे, हे माझ्या ओठांनी सांगितले. मायक्रोफोन नव्हता, फीत नव्हती. पण मुद्रण झालेच. त्या मुलाने वर्षभरात पुन्हा हात वर केला नाही.

विद्यार्थी मित्रहो, हशा खरा की खोटा, हा प्रश्न तुम्ही मला विचारता. माझे उत्तर असे, की स्टुडिओतला हशा बहुतांशी खरा असतो. पेटीतला हशाही कोणे एके काळी कोणी तरी खरोखरच हसलेला असतो. खरेपणाची चौकशी करून फारसे हाती लागत नाही. चौकशी करावयाची ती दुसऱ्या गोष्टीची : हशा कोणी सुरू केला, तो कशासाठी हवा होता, आणि त्या खोलीत न हसणारे कोण होते. विनोद ऐकू येण्याआधी हशा ऐकू येतो आणि आपण त्यात सामील होतो, हा मनुष्यस्वभाव आहे; त्याबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र हसून झाल्यावर आजूबाजूला एकदा पाहावे.

मी आता वर्गात हशा झाला की तेवढे पाहतो. हसणाऱ्यांकडे नव्हे, न हसणाऱ्याकडे. तो कोठेही बसलेला असला तरी चटकन सापडतो. त्या मुलाच्या वेळी मी पाहिले नाही. वस्तूच्याच बाजूला, सुलट, मोठी आणि आभासी प्रतिमा मिळेल, असे तो म्हणाला होता. उत्तर अगदी बरोबर होते. निदान एवढे तरी त्या दिवशी मी वर्गाला सांगावयास हवे होते.